फिरत्या करंडकासाठी ठेवलेली फट

चिठ्ठ्या काढायच्या टेबलाशी शबनमनं घडी उलगडली आणि म्हणाली, "तिसरी." वैभवनं आपली उघडली. "दहावा, मॅडम."

टेबलामागं बसलेल्या संयोजक बाईंना मी विचारलं, "अहो, दरवर्षी एका कॉलेजची जोडी पाठोपाठ बोलते ना?"

"यंदापासून प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी, मॅडम. सगळं पारदर्शक पाहिजे म्हणाले आमचे सर."

पारदर्शक हा चांगला शब्द आहे. पण माझी त्या दिवशीची सगळी योजना अंधारात चालणारी होती. मी काही बोलायच्या आत एका स्वयंसेवक मुलीनं दोघांचे मोबाइल जमा करून घेतले, त्यांना पुढच्या रांगेत नेऊन बसवलं आणि मला मागं मार्गदर्शक-पालकांच्या खुर्च्यांकडं जायला सांगितलं. चिठ्ठी निघाल्यावर स्पर्धकांशी बोलायचं नाही, हा नियम जुनाच. दुसऱ्या कॉलेजांच्या लोकांना तो मी अनेकदा ऐकवलेला आहे.

योजना काय होती ते सांगते. पण आधी हे काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते सांगायला हवं.

मी शहरात, गारखेड्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. नोकरीला लागले त्या वर्षी स्टाफ मीटिंगमध्ये खिडक्यांना डासांच्या जाळ्या हव्यात यावर मी इतका वेळ बोलले की तेव्हाचे प्राचार्य म्हणाले, "बाईंना वादविवाद मंडळ देऊन टाका." जाळ्या अजून बसलेल्या नाहीत. मंडळ मात्र माझ्याकडंच राहिलं. तेव्हापासून मी मुलांना मुद्दा मांडायला, दुसऱ्याचा खोडायला आणि बेल वाजली की थांबायला शिकवते. यातली तिसरी गोष्ट मला स्वतःला जमत नाही. घरी माझा नवरा माझ्याशी वाद घालत नाही. "बरोबर आहे तुझं," म्हणतो आणि जे करायचं तेच करतो. बरीच वर्षं मी त्याला माझा विजय समजत होते.

आपल्याकडच्या वादविवाद स्पर्धेची एक गंमत आहे. एका कॉलेजचे दोघं येतात. एक विषयाच्या बाजूनं बोलतो, दुसरा विरोधात. म्हणजे आपलीच दोन पोरं एकमेकांविरुद्ध उभी. गुण मात्र दोघांचे मिळून धरतात आणि ज्या कॉलेजची बेरीज जास्त, त्याला फिरता करंडक मिळतो. तो वर्षभर ठेवायचा, पुसायचा आणि पुढच्या वर्षी परत आणून द्यायचा. पण सलग तीन वर्षं जिंकलात तर तो कायमचा तुमचा. शिवाय एकेकाचे गुण पाहून पहिला, दुसरा, तिसरा आणि उत्तेजनार्थ अशी वैयक्तिक बक्षिसं असतात. त्यातला फक्त पहिला राज्य पातळीच्या स्पर्धेला जातो. बाकीचे प्रमाणपत्र घेऊन घरी.

गुणांमध्ये 'खंडन' नावाचा एक भाग असतो. समोरच्यानं जे म्हटलं ते तिथल्या तिथं खोडून काढणं. बहुतेक मुलं भाषण पाठ करून आलेली असतात, त्यामुळं खंडनाचे गुण सहसा पडूनच राहतात. इथं माझं डोकं चाललं. आमच्या जोडीतल्या पहिल्याला मी सांगायचे, भाषणात एका ठिकाणी फट ठेव. म्हणजे एक मुद्दा मांडायचा, पण त्याला टेकू द्यायचा नाही. पाठोपाठ आपलाच दुसरा उठतो, नेमका त्या फटीत हात घालतो आणि मुद्दा उचकटून काढतो. परीक्षक खूश. पहिल्याचे थोडे गुण जातात, दुसऱ्याला भरपूर मिळतात, बेरीज वाढते. कुस्तीच्या फडात याला नुरा कुस्ती म्हणतात. मी संघभावना म्हणायचे.

या संघभावनेच्या जोरावर सलग दोन वर्षं करंडक आमच्याकडं आला. दोन्ही वर्षं फट ठेवणारी शबनमच होती.

शबनम खुलताबादची. रोज एसटीनं ये-जा करायची. माझ्या इतक्या वर्षांत तिच्यासारखं बोलणारं पोर मी पाहिलेलं नाही. आवाज मोठा नाही, हातवारे नाहीत, पण ती बोलायला लागली की मोबाइलमध्ये घातलेली मान वर येते. इतकी चांगली होती म्हणूनच फट मी तिच्याकडं दिली. थोडे गुण गेले तरी ती बक्षिसांत राहणार, हा माझा हिशेब. दोन्ही वर्षं तिच्या जोडीला एक सीनिअर मुलगा होता. तो तिच्या फटीतून आत शिरून दोन्ही वर्षं पहिला आला आणि राज्याला जाऊन आला. शबनमला दोन्ही वर्षं उत्तेजनार्थ.

एकदा पुण्याच्या पाहुण्यांना वेरूळ दाखवायला नेत होते, तेव्हा वाटेत खुलताबादला शबनमच्या अब्बांच्या दुकानी थांबले. दर्ग्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर अत्तर आणि टोप्यांचं छोटं दुकान. गल्ल्याच्या वर दोन फ्रेमा टांगलेल्या. दोन्हींत उत्तेजनार्थचं प्रमाणपत्र. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी त्यांच्याकडंच नजर जावी, अशा उंचीवर.

"मॅडम," अब्बा फ्रेमेकडं बोट करून म्हणाले, "ये लफ्ज इतना लंबा है के कोई गाहक एक साँस में पढ नै सकता. बडाच इनाम होंगा."

शबनम अत्तराच्या बाटल्या नीट लावत होती. त्या आधीच नीट लावलेल्या होत्या.

"अच्छा होता है," मी म्हणाले आणि पाहुण्यांना उशीर होतोय म्हणून निघाले.

तिसऱ्या वर्षी प्राचार्यांनी ऑफिसबाहेर काचेचं कपाट करून घेतलं. आत लाल मखमल, वर दिवा, पुढं कुलूप. गेल्या वर्षीचा करंडक परत देऊन झाला होता आणि कायमचा अजून यायचा होता. मला बोलावून त्यांनी दिवा लावून दाखवला.

"मॅडम, कसं वाटतं?"

"रिकामं आहे, सर."

"ते तुमच्याकडं."

विषय जाहीर झाला: पर्यटनामुळं गावाचा विकास होतो. शबनमला बाजू दिली, वैभवला विरोध. वैभव दुसऱ्या वर्षाला होता. गाव वेरूळ. लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या वडिलांची रसवंती. उंच, किडकिडीत, आणि घाबरला की शर्टाचं वरचं बटण लावणारा. त्या दिवशी विषय ऐकून त्यानं बटण लावलं.

"मॅडम, आमचं घर पर्यटकांवर चालतंय. म्या विरोधात बोललो अन् बापाला कळलं, तर जेवायला नाय घालायचा."

"अरे, ही स्पर्धा आहे. शपथपत्र नाही."

आमचा सराव शनिवारी रिकाम्या वर्गात चालायचा. टेबलावर बाक चढवून व्यासपीठ, स्टीलच्या पेल्यावर चमचा मारला की बेल. तिथंच फट कुठं ठेवायची ते ठरलं. शबनमनं म्हणायचं, पर्यटक आले की गावाला चांगला रस्ता येतो. एवढं म्हणून पुढं जायचं. मग वैभवनं उठून सांगायचं की सुट्टीच्या दिवशी त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि गावचाच माणूस त्यात अडकतो. वैभवचा स्वतःचा एक पेपर असाच बुडता बुडता राहिला होता. अडकलेली बस सोडून तो शेतांतून पळाला आणि रांगेच्या पुढं जाऊन त्यानं जीप पकडली होती. मुद्दा खरा होता, म्हणून मला फारच आवडला. त्याला भारदस्तपणा यावा म्हणून मी कार्बनचं एक लांबलचक वाक्यही जोडून दिलं. ते म्हणताना वैभवला मध्ये एकदा श्वास घ्यावा लागायचा.

सगळं ठरल्यावर शबनम म्हणाली, "मॅडम, या वेळेला फट नाय ठेवली तर?"

"का गं?"

"माझं शेवटचं वर्ष हाय. परत राज्याला जायला नाय मिळायचं."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्या अत्तराच्या बाटल्या डोळ्यांसमोर आल्या. मग कपाटातला दिवा डोळ्यांसमोर आला. दिव्याचा उजेड जास्त होता.

मी त्यांना समजावून सांगितलं. कॉलेजची प्रतिष्ठा, संघ आधी आणि आपण नंतर, करंडक कायमचा आला की तुमची नावं त्याच्याबरोबर कायमची राहतील, वगैरे. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी. शेवटी आवाज थोडा खाली आणला. तेही आम्ही शिकवतो.

"जी मॅडम," शबनम म्हणाली.

"व्हय मॅडम," वैभव म्हणाला.

लगेच म्हणाले दोघंही. मुद्दे नीट मांडले की पोरांना पटतं, याचा मला फार आनंद झाला. संध्याकाळी घरी गेल्या गेल्या नवऱ्याला सांगितलं, "बघ, कशी चटकन पटली त्यांना." त्यानं पेपरमधून डोकं वर काढलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाला.

तर स्पर्धेचा दिवस, शहरातल्या एका मोठ्या कॉलेजचं सभागृह आणि हातात त्या चिठ्ठ्या.

घोळ काय झाला होता बघा. आधी बाजूचा, मग विरोधाचा, पुन्हा बाजूचा, असे आलटून पालटून बोलणार होते. शबनम तिसरी. तिनं फट ठेवली की चौथा उठणार तो विरोधातला आणि दुसऱ्या कॉलेजचा. त्याला आयती फट. त्याच्याकडून काही उरलंच तर सहावा होता, आठवा होता. दहाव्या वैभवपर्यंत त्या रस्त्याच्या मुद्द्याची खडीसुद्धा शिल्लक राहणार नव्हती. म्हणजे शबनमचं राज्याला जाणंही हुकणार, सरांचा करंडकही जाणार. तेलही गेलं, तूपही गेलं आणि धुपाटणं माझ्या हातात.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर शबनमचे अब्बा येऊन बसले. लेकीला ऐकायला पहिल्यांदाच आले होते, दुकान बंद ठेवून. इस्त्रीचा पांढरा कुर्ता, मांडीवर कापडी पिशवी.

"मॅडम, इस बार भी वोच मिलेंगा ना? उत्तेजनार्थ?"

"देखते हैं," मी म्हणाले. माझं सगळं लक्ष पुढच्या रांगेतल्या शबनमच्या पाठीकडं होतं. मनातल्या मनात मी ओरडत होते की फट ठेवू नकोस. मनातलं ओरडणं चार रांगा पलीकडं जात नाही.

खुणा मात्र होत्या. मार्गदर्शकांनी खुणा करू नयेत असाही एक नियम आहे, तो मी कुणाला फारसा ऐकवत नाही. मी चष्मा काढला म्हणजे आटप. तोंडाला रुमाल लावला म्हणजे सावकाश. खांद्यावरून पदर घेतला म्हणजे आवाज वाढव. 'फट बुजव' यासाठी खूण नव्हती. फट ठेवायची हे इतकं नक्की असायचं की ती बुजवायची वेळ येईल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

शबनम उठली. हिरवा सलवार-सूट, हातात कागद नाही. चांगली सुरुवात केली. परीक्षकांपैकी एकानं पेन खाली ठेवलं. ती एकेक मुद्दा करत पुढं सरकत होती आणि मला पुढचं वाक्य पाठ होतं.

"गावाला रस्ता येतो," ती म्हणाली.

मी चष्मा काढला, रुमाल तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं खांद्यावरून पदर घेतला. तिन्ही खुणा एकदम. चष्म्याशिवाय मला व्यासपीठ दिसत नाही. शबनमचा एक हिरवट ठिपका झाला. ठिपक्यानं माझ्याकडं पाहिलं की नाही हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून मी पुन्हा एकदा तिन्ही खुणा केल्या.

"मॅडम, चक्कर आ रहा क्या?" अब्बांनी हळूच विचारलं. "पानी लाऊँ?"

"रस्ता येतो," ठिपका पुन्हा म्हणाला. "आता माझे विरोधक उठून म्हणतील, सुट्टीच्या दिवशी त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि गावचाच माणूस अडकतो. खरं आहे. माझा एक मित्र असाच अडकला होता. परीक्षेसाठी शेतांतून पळाला."

मी चष्मा घातला.

"पण मी खुलताबादची आहे. उरूस असला, दर्शनाचा दिवस असला की आमचं गाव भरतं. एरवी लेणी बघायला निघालेली गाडी आमच्या गावावरून तशीच पुढं जाते. तिची काचसुद्धा खाली होत नाही. माणसं जास्त झाली ही तक्रार वेरूळवाल्यांनी करावी. आम्ही म्हणतो, तुम्हाला जड झाली असतील तर अर्धी आमच्याकडं उतरवा. दोष पर्यटनाचा नाही. सगळ्यांना एकाच दारात नेऊन उभं करणाऱ्यांचा आहे."

आधी हशा आला, मग टाळ्या. चौथा बोलणारा मुलगा मांडीवरच्या कागदावर भराभर काहीतरी खोडत होता. अब्बांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

माझी छाती फुगली. नसलेली खूणसुद्धा पोरीनं ओळखली! याला म्हणतात तालीम. राहवेना, म्हणून मी अब्बांच्या कानाशी लागले, "मैंने इशारा किया था."

"हौ, हौ," ते म्हणाले. माझा नवरा 'बरोबर आहे' म्हणतो, साधारण त्याच सुरात.

मग वैभवची आठवण झाली. शबनमनं फट बुजवली ती त्याचाच मुद्दा घेऊन. पोराकडं आता त्या कार्बनच्या वाक्याशिवाय काही उरलं नव्हतं. तेवढ्यात चौथ्यानं ते वाक्य म्हटलं. थोड्या फरकानं माझंच. सहाव्यानंही म्हटलं. आठव्यानं त्यात ओझोन घातला. हे वाक्य मला एकटीलाच सुचलंय, असा माझा समज होता.

वैभव उठला तेव्हा वरचं बटण लावलेलं होतं. मी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"सभाध्यक्ष महोदय, रस्त्याचा मुद्दा मी आणला होता. तो माझ्या मैत्रिणीनं आधीच नेला." लोक हसले. "मी वेरूळचा. आमची रसवंती आहे. पर्यटक आला तरच आमच्या घरची चूल पेटते. तरी मी विरोधात बोलणार आहे, कारण बापाला जे कधी विचारलं नाही ते इथं विचारायचंय."

हे मी लिहून दिलेलं नव्हतं.

"माझ्या गावाला जगातनं लोक येतात लेणी बघायला. मी माझ्या बापाबरोबर एकदाही आत गेलेलो नाही. सुट्टी असली की गर्दी. गर्दी असली की धंदा. धंदा नसला की बाप म्हणतो, आज जीव नाही रे, झोपू दे. जे बघायला जग येतं ते त्याच गावातल्या बाप-लेकाला मिळून बघता येत नसेल, तर विकास नेमका कुणाचा झाला?"

मग बेल वाजली. टाळ्या जरा उशिरा आल्या, पण आल्या. मला कळत होतं की खंडनाच्या रकान्यात त्याला फारसं काही पडणार नाही, कारण त्यानं कुणाचंच काही खोडलं नव्हतं. आणि मला हेही कळत होतं की माझ्या हातून असं भाषण सात जन्मांत लिहून झालं नसतं. मला त्याचा अभिमान वाटला. करंडक चालला होता, तरीही वाटला.

बक्षीस समारंभात पाहुण्यांच्या भाषणानंतर निकाल खालून वर वाचतात. उत्सुकता टिकावी म्हणून. आधी उत्तेजनार्थ, मग तिसरा, दुसरा आणि शेवटी पहिला. अब्बांना हे माहीत असायचं कारण नव्हतं, आणि सांगायचं माझ्या लक्षात आलं नाही.

"उत्तेजनार्थ," निवेदिका म्हणाली. अब्बा ताठ बसले. तिनं जालन्याच्या एका मुलीचं नाव घेतलं.

अब्बा माझ्याकडं वळले. "नै मिला?"

"रुकिए. अभी बाकी है."

"कितना अच्छा बोली थी," ते स्वतःशीच म्हणाले. तिसरं नाव झालं, दुसरं झालं. त्यांनी पिशवी उचलली आणि पायानं चपला शोधायला लागले. बाकीची बक्षिसं त्यांच्या लेखी किरकोळ होती.

"प्रथम क्रमांक आणि राज्य पातळीच्या स्पर्धेसाठी निवड," निवेदिका म्हणाली आणि शबनमचं नाव घेतलं.

सगळे टाळ्या वाजवत होते. अब्बा वाजवत नव्हते. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ये उत्तेजनार्थ के ऊपर है, के नीचे?"

"सबसे ऊपर है."

त्यांनी मान हलवली. शबनम व्यासपीठावर चढत होती, तिच्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "तो फिर वो दो?"

मी खंडन शिकवते. कुठल्याही प्रश्नाला उत्तर असतं, असं पोरांना दरवर्षी पहिल्याच तासाला सांगते. याचंही होतं, पण ते त्या माणसाच्या तोंडावर सांगायची हिंमत नव्हती.

"वो भी अच्छे थे," मी म्हणाले.

"होंगे," अब्बा म्हणाले. "बच्ची कभी बोली नै."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण तेवढ्यात ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. एव्हाना बाकीच्यांच्या थांबल्या होत्या. सभागृहात त्यांच्या एकट्याच्या टाळ्या बराच वेळ चालल्या आणि शबनम वरून "बस, अब्बा" असा हात करत होती.

करंडक थोडक्यात गेला. शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजनं नेला. प्राचार्यांचा फोन आलाच.

"मॅडम, आला का?"

"सर, शबनम पहिली आली. राज्याला चालली आहे."

"वा, वा. आणि करंडक?"

"यंदा नाही मिळाला, सर."

पलीकडं कपाटाचा दिवा बंद केल्याचा खट्ट आवाज आला. मग ते म्हणाले, "मॅडम, मखमल मोजून आणली होती हो."

बाहेरच्या टपरीवर मी दोघांना चहा पाजला. अब्बा फोनवर खुलताबादच्या कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते की 'प्रथम' लिहायला छोटा असतो, पण तोच वरचा. करंडकाचं दुःख होतंच, पण माझ्या खुणेचा अभिमान त्याहून मोठा होता.

"शबनम, खरं सांग, माझी खूण कशी ओळखलीस?"

"कोणती खूण, मॅडम?"

"अगं, चष्मा, रुमाल, पदर!"

तिनं वैभवकडं पाहिलं. वैभवनं चहाच्या कपात.

"मॅडम," ती म्हणाली, "मी तुमच्याकडं बघितलंच नाय."

"मग फट कशी बुजवलीस?"

"ते आधीच ठरलं होतं," वैभव म्हणाला. "तुम्ही आम्हाला समजावलं ना, त्याच दिवशी. जाताना, एसटीमधी. म्याच म्हणलं, तू फट ठेवू नको. माझा रस्त्याचा मुद्दा घे अन् तिथंच बुजवून टाक."

म्हणजे चिठ्ठ्यांची पद्धत बदलली नसती, जोडी पाठोपाठ बोलली असती, तरी हेच होणार होतं. माझी सगळी धडपड, तिन्ही खुणा, सगळं फुकट गेलं होतं.

"अरे पण करंडक? सरांना मी काय सांगू?"

"मला पुढचं वर्ष हाय, मॅडम," वैभव म्हणाला. "तिला नाय."

संघभावना म्हणतात ती हीच असावी. मी तिच्यावर इतकी भाषणं दिली होती की समोर आल्यावर ओळखायलाच वेळ लागला.

"मग त्या दिवशी लगेच 'व्हय मॅडम' कशाला म्हणालात? वाद घालायचा की! तेच तर शिकवते मी."

शबनम ओशाळली. "मॅडम, तुम्ही लई चांगलं बोलत होता. मधी तोडायला बरं नाय वाटलं."

राज्याच्या स्पर्धेत शबनम तिसरी आली. अब्बांनी फोन केला, पण कुठला नंबर कुठल्याच्या वर हे आता त्यांनी मला विचारलं नाही. दुकानात चार फ्रेमा झाल्यात. जुन्या दोन काढल्या नाहीत. मी वेरूळला जाताना आताशा सरळ पुढं न जाता खुलताबादला त्या दुकानी थांबते, अत्तर घेते आणि त्या दोन फ्रेमांकडं बघायचं टाळते.

प्राचार्यांच्या कपाटात त्यांना ठिकठिकाणी मिळालेली स्मृतिचिन्हं ठेवली आहेत. दिवा लावला की बरी दिसतात.

या सगळ्यातून मी जो धडा घेतला तो एवढाच: समोरचा वाद घालत असेल तर अजून आशा असते. तो पटकन 'हो' म्हणाला की समजावं, आपण हरलो आहोत आणि निकाल एसटीत लागणार आहे. घरातल्या 'बरोबर आहे'कडंही मी हल्ली त्याच नजरेनं बघते.

वैभवचं आता शेवटचं वर्ष. त्याच्या जोडीला यंदा पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे, अजून बोलताना ओढणीचं टोक पिळणारी. गेल्या शनिवारी मी दोघांना बसवून नवी योजना समजावून सांगितली. फट वगैरे काही नाही, अगदी सरळ योजना. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी.

"व्हय मॅडम," वैभव लगेच म्हणाला. मुलीनं त्याच्याकडं पाहिलं आणि तीही म्हणाली, "हो मॅडम."

मी खाली जाऊन प्राचार्यांना सांगितलं, सर, कपाटातली स्मृतिचिन्हं एवढ्यात हलवू नका.